'करिता' चालत नाही: मेडिकेअरच्या फॉर्मवर सही कोणाची?

आपल्याकडच्या सरकारी पत्राच्या तळाशी एक गोड शब्द असतो: 'करिता'. तहसीलदार करिता, कार्यकारी अभियंता करिता. वर गिचमिड सही, बाजूला गोल शिक्का. साहेब दौऱ्यावर असले तरी फाईल अडत नाही, हाताखालचा माणूस सही करतो आणि गाडी पुढे सरकते. पुण्यात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची, औषध दुकानांची मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य विमा योजनेत नोंदणी करून देणाऱ्या आमच्या टीममध्ये नवी मुलं येतात ती हाच 'करिता' डोक्यात घेऊन. फॉर्म आपण भरला, कागद आपण जमवले, पत्ता-फोन सगळं आपल्याला तोंडपाठ, मग सही तेवढी कुणीतरी केली की झालं. तिथेच पहिला फॉर्म परत येतो.

मला हे काम करताना बरीच वर्षं झाली. तरी एक प्रकरण डोक्यातून जात नाही. न्यू जर्सीतलं एक छोटं औषध दुकान, मालक मूळचे सांगलीचे. दुकानाने जागा बदलली होती, त्याच रस्त्यावर चार दुकानं पलीकडे. ते मेडिकेअरला कळवायचं होतं. मालक मुलीच्या लग्नासाठी सांगलीत. मी फोन केला तर मागून सनई ऐकू येत होती. ते म्हणाले, "अहो, एवढ्याशासाठी मला कशाला? तिथली मॅनेजर बारा वर्षं दुकान सांभाळतेय, माझ्यापेक्षा तिला जास्त माहिती आहे. ती करेल सही." आणि माझ्या 'पण'च्या आत त्यांनी फोन ठेवला. मॅनेजरबाईंनी सही केली, पाकीट पाठवलंही. ते चूक होतं. का, ते समजायला आधी हा फॉर्म काय आहे ते बघावं लागेल.

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची आरोग्य विमा योजना, मुख्यतः ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी, शिवाय काही अपंग आणि किडनी निकामी झालेल्या रुग्णांसाठी. ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. (सहीचाच विषय आहे म्हणून सांगितलं.) व्हीलचेअर, वॉकर, घरी लावायचं ऑक्सिजनचं यंत्र, मधुमेहाच्या तपासणीपट्ट्या, कमरेचे पट्टे, कृत्रिम पाय या वस्तू रुग्णाला मिळाल्या की वर्षाची ठरलेली सुरुवातीची रक्कम रुग्णाने भरल्यानंतर मेडिकेअर साधारणपणे मंजूर किमतीच्या ८० टक्के देते, उरलेले २० टक्के रुग्णाचे किंवा त्याच्या दुसऱ्या विम्याचे. पण पैसे मिळतात ते नोंदणी असलेल्या विक्रेत्यालाच. या विक्रेत्याला तिथल्या नियमांच्या भाषेत 'सप्लायर' म्हणतात. रुग्णालय, नर्सिंग होम हे 'प्रोव्हायडर'; डॉक्टर, प्रयोगशाळा, उपकरणवाले हे 'सप्लायर'. अमेरिकेतलं कोपऱ्यावरचं औषध दुकानही तपासणीपट्ट्या विकून मेडिकेअरला बिल लावत असेल तर उपकरणांचा सप्लायरच.

नोंदणीच्या अर्जांना सरसकट '८५५' म्हणतात आणि पुढचं अक्षर बदलतं. संस्थांसाठी ८५५ए, क्लिनिक आणि ग्रुपसाठी ८५५बी, एकट्या डॉक्टरसाठी ८५५आय, आणि उपकरणं विकणाऱ्यांसाठी ८५५एस. आमच्याकडे रात्रपाळीत सगळ्यात जास्त शिव्या खाणारा फॉर्म हाच. त्यात दुकानाचा पत्ता, वेळा, मालक कोण, किती टक्के, व्यवस्थापन कोण पाहतं, कुणावर पूर्वी काही कारवाई झाली आहे का, विमा, हमीचा बाँड, मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र अशी सगळी जंत्री असते. शेवटी प्रमाणन आणि सही. लोकांना वाटतं, जंत्री कठीण आणि सही सोपी. प्रत्यक्षात जंत्रीतली चूक दुरुस्त होते, सहीतली चूक मात्र मुळालाच लागते.

सही कोणी करायची याचा नियम अमेरिकेच्या संघीय नियमावलीत आहे, टायटल ४२ मध्ये, कलम ४२४.५०२ आणि ४२४.५१०. त्यात दोनच माणसं येतात. एक 'ऑथराइज्ड ऑफिशियल', दुसरा 'डेलिगेटेड ऑफिशियल'. आम्ही त्यांना एओ आणि डीओ म्हणतो, पुढेही तसंच म्हणेन.

एओ कोण? ज्याला संस्थेने कायदेशीर अधिकार दिला आहे असा नेमलेला माणूस. अधिकार तीन गोष्टींचा: संस्थेची मेडिकेअरमध्ये नोंदणी करण्याचा, त्या नोंदणीत बदल करण्याचा, आणि संस्था मेडिकेअरचे कायदे आणि नियम पूर्णपणे पाळेल अशी तिला बांधून घेण्याचा. तिसरी गोष्ट नीट वाचा, सगळं तिच्यातच आहे. नियमात उदाहरणं दिली आहेत: मुख्य कार्यकारी अधिकारी, मुख्य वित्त अधिकारी, भागीदारीतला जनरल पार्टनर, संचालक मंडळाचा अध्यक्ष, थेट मालक. ही नुसती उदाहरणं आहेत, म्हणजे हुद्द्याची पाटी हीच आणि एवढीच हवी असं नाही. पण ती उदाहरणं वाचली की कोणत्या उंचीवरचा माणूस हवा ते कळतं. 'ऑफिस मॅनेजर' एवढाच हुद्दा लिहून एओच्या रकान्यात सही केलीत तर तपासणारा माणूस भुवई उंचावणारच.

आपल्याकडे ज्यांनी जीएसटीची नोंदणी केली आहे त्यांना 'ऑथराइज्ड सिग्नेटरी' माहीत असतो. कंपनी ठराव करते, पत्र देते, आणि अकाउंटंटला नेमून टाकते. चालतं. म्हणून आपल्या लोकांना वाटतं, इथेही ठराव करू, मुखत्यारपत्र करू, पुण्याच्या टीमला नेमू. आमच्या एका क्लायंटने खरंच आमच्या टीम लीडच्या नावाने मुखत्यारपत्र तयार करून पाठवलं होतं, नोटरीच्या शिक्क्यासकट. शिक्का मोठा देखणा होता. त्याचा उपयोग शून्य. बाहेरचा सल्लागार, बिलिंग कंपनी, वकील, अकाउंटंट यांच्यापैकी कुणीही केवळ काम करून देतो म्हणून एओ होत नाही. संस्थेच्या आतल्या आणि वरच्या माणसालाच ते बंधन घेता येतं.

आता डीओ. एओ स्वतः आपला काही अधिकार त्याला देतो, म्हणून डेलिगेटेड. डीओचं मुख्य काम नोंदणीत बदल कळवणं आणि माहिती अद्ययावत ठेवणं. पहिली नोंदणी मात्र त्याला करता येत नाही, तिथे एओचीच सही. हे मला तरी तर्काला धरून वाटतं. लग्नाच्या दिवशी नवरदेवानेच बोहल्यावर उभं राहायचं, पुढे संसारात वाणसामान भावाने आणलं तर हरकत नाही. डीओ ठेवलाच पाहिजे अशीही सक्ती नाही. नाही ठेवला तर प्रत्येक बदलाला एओची सही, बस्स.

डीओ कोण होऊ शकतो याची अट मात्र एओपेक्षा काटेकोर लिहिली आहे, आणि न्यू जर्सीचं दुकान अडकलं ते इथेच. एक तर त्या माणसाचा संस्थेत मालकी किंवा नियंत्रणाचा हिस्सा हवा. हिस्सा म्हणजे सर्वसाधारणपणे थेट किंवा आडवळणाने ५ टक्के किंवा जास्त मालकी, किंवा भागीदार असणं, किंवा कंपनीचा अधिकारी वा संचालक असणं. नाहीतर तो माणूस संस्थेचा 'डब्ल्यू-टू मॅनेजिंग एम्प्लॉयी' हवा. यात दोन शब्द आहेत आणि दोन्ही मोजले जातात.

'मॅनेजिंग' म्हणजे रोजचा कारभार खरोखर चालवणारा: जनरल मॅनेजर, व्यवस्थापक, प्रशासक, संचालक. काउंटरवर औषध देणारा किंवा फॉर्म भरणारा क्लार्क नव्हे, तो कितीही हुशार असला तरी. आणि 'डब्ल्यू-टू' म्हणजे आपल्या फॉर्म १६ चा अमेरिकन भाऊ समजा. मालक कर्मचाऱ्याला दर वर्षी पगार आणि कापलेल्या कराचा जो कागद देतो तो. ज्याला डब्ल्यू-टू मिळतो तो पगारी नोकर. ज्याला १०९९ नावाचा कागद मिळतो तो स्वतंत्र कंत्राटदार: काम तेच, खुर्ची तीच, पण कायद्याने तो बाहेरचा. कंत्राटदार डीओ होऊ शकत नाही. मेडिकेअरने डब्ल्यू-टूचा पुरावा मागितला तर दाखवता आला पाहिजे.

तर आमच्या मॅनेजरबाईंचं काय झालं? आधी मेडिकेअरच्या नोंदणी कंत्राटदाराकडून पत्र आलं. उपकरण सप्लायरांची नोंदणी पूर्वी नॅशनल सप्लायर क्लिअरिंगहाऊस बघायचं, नोव्हेंबर २०२२ पासून ते काम पूर्व आणि पश्चिम असं दोन कंत्राटदारांत वाटलं आहे. पत्राचा अर्थ सरळ होता: सही करणारी व्यक्ती आमच्या नोंदीत एओ नाही, डीओही नाही, दुरुस्त करून पाठवा. मुदत ३० दिवस. आम्ही म्हटलं, सोपं आहे, त्याच फॉर्ममध्ये बाईंना डीओ करून टाकू, त्यासाठी एओची एक सही घेऊ. मग पगाराची चौकशी केली. बारा वर्षं दुकान सांभाळणाऱ्या बाई बारा वर्षं १०९९ वर होत्या. मालकांच्या अकाउंटंटला ते सोयीचं पडत होतं. म्हणजे दुकानाची किल्ली त्यांच्याकडे, तिजोरीचा आकडा त्यांना माहीत, औषध कंपन्यांशी भांडण त्याच करणार, आणि कागदावर त्या पाहुण्या.

इथे बरेच लोक वैतागून विचारतात की एवढा सोवळेपणा कशाला. माणूस तर खरा आहे ना, माहिती तर खरी आहे ना? मलाही सुरुवातीला हा फॉर्म म्हणजे नुसता बाबूगिरीचा नमुना वाटायचा. मत बदललं ते सप्लायरांच्या घोटाळ्यांच्या बातम्या वाचून.

२००६ च्या शेवटी अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने दक्षिण फ्लोरिडात, मायामी आणि आसपासच्या तीन काउंट्यांत, १,५८१ उपकरण सप्लायरांकडे न सांगता माणसं पाठवली. ४९१ ठिकाणी एकतर दुकानच नव्हतं, किंवा असायला हवं तेव्हा ते उघडं नव्हतं वा तिथे कुणी नव्हतं. जवळजवळ तिसरा हिस्सा. कागदावर मात्र सगळी दुकानं होती, आणि त्या प्रत्येक कागदावर कुणाची तरी सही होती.

त्यानंतर नियम कडक होत गेले. आज उपकरण सप्लायरला ३० मानकं पाळावी लागतात: दुकानाची जागा किमान २०० चौरस फूट, वेळा दारावर लावलेल्या, सर्वसाधारणपणे आठवड्याला किमान ३० तास उघडं, बहुतेकांना दर जागेमागे ५०,००० डॉलरचा बाँड, आणि मेडिकेअरचा माणूस कधीही येऊन बघणार. नव्या सप्लायरला सगळ्यात धोकादायक गटात धरतात, म्हणून ५ टक्के किंवा जास्त मालकी असलेल्यांच्या बोटांचे ठसेही घेतात. इतर बहुतेकांना दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने तपासून घ्यावी लागते, यांना दर तीन वर्षांनी.

तरी चोर थांबले नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये गुडघ्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यांचं प्रकरण फुटलं: २४ जणांवर आरोप, १.२ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान, आणि १३० उपकरण कंपन्यांवर मेडिकेअरची कारवाई. टेलिफोनवरून म्हाताऱ्या माणसांना गाठायचं, फुकट पट्टा देतो म्हणायचं, पैसे घेऊन डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून घ्यायची आणि बिल लावायचं. मग जून २०२५ मध्ये याहून भयंकर प्रकरण समोर आलं, 'ऑपरेशन गोल्ड रश'. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार परदेशात बसलेल्या टोळीने अमेरिकेतल्या डझनावारी उपकरण कंपन्या विकत घेतल्या. मालक म्हणून नावं लागली ती परदेशातून आणलेल्या नामधारी माणसांची. दहा लाखांहून जास्त अमेरिकनांची चोरलेली ओळख वापरून लघवीच्या कॅथेटरसारख्या वस्तूंची १०.६ अब्ज डॉलरची खोटी बिलं लावली. त्या खात्याने आरोग्यातल्या घोटाळ्यात लावलेल्या आरोपांमधला तेव्हाचा सगळ्यात मोठा आकडा.

'नामधारी' हा शब्द बघा. आपल्याकडे बेनामी जमीन असते तशी तिथे बेनामी कंपनी. खरा मालक पडद्यामागे आणि कागदावर एक भाडोत्री नाव. सहीचा नियम हा धंदा अशक्य करत नाही, हे मान्य. पण तो एक प्रश्न विचारतो: उद्या काही झालं तर ज्याला धरायचं, ज्याच्या शब्दाने कंपनी बांधली जाते, तो माणूस कोण? फॉर्म भरणारा माहितीसाठी उत्तरदायी असतो फार तर आपल्या साहेबापुढे. सही करणारा उत्तरदायी असतो सरकारपुढे. त्यामुळेच ज्याला सगळं माहीत आहे त्याला सही करू न देता, ज्याच्या मानेवर सगळं आहे त्याला करायला लावतात.

आणि मान खरोखर असते. प्रमाणनाच्या पानावर जे छापलं आहे ते फार थोडे लोक वाचतात. सही करणारा सांगतो की मी हे वाचलं, माहिती खरी, बरोबर आणि पूर्ण आहे, काही बदललं तर वेळेत कळवेन, मेडिकेअरचे कायदे पाळेन, खोटं बिल जाणूनबुजून लावणार नाही. त्याआधी दंडांची यादीच दिलेली असते. सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि २,५०,००० डॉलरपर्यंत दंड, संस्थेला ५,००,००० डॉलरपर्यंत. खोट्या बिलांचा कायदा वेगळा, त्यात नुकसानीच्या तिपटीपर्यंत वसुली. एओ आणि डीओ या दोघांची नावं, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर फॉर्ममध्ये द्यावे लागतात आणि सरकारी योजनांतून हाकललेल्या लोकांच्या यादीशी ताडून पाहिले जातात.

एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या आपल्या मंडळींना म्हणून मी एकच गोष्ट फोनवर नेहमी सांगतो. मेव्हण्याने दुकान काढलं, त्याचं काही जुनं लफडं आहे, "तू फक्त नावाला एओ हो, बाकी मी बघतो" असं तो म्हणाला, तर जेवून या त्याच्याकडे, सही करून येऊ नका.

एकट्या डॉक्टरचा मामला सोपा आणि म्हणून जास्त ताठर. ८५५आय वर सही फक्त त्या डॉक्टरची. डीओ नाही, मुखत्यार नाही, बायको नाही, क्लिनिकची मॅनेजर नाही. एकहाती मालकीचं दुकान असेल तर तो एकटा मालक. काउंटी किंवा सरकारी संस्थेचं थोडं निराळं असतं. तिथे सहीबरोबर लेटरहेडवर पत्रही लागतं की मेडिकेअरचं काही देणं निघालं तर ही सरकारी संस्था कायदेशीर आणि आर्थिकदृष्ट्या जबाबदार राहील, आणि त्या पत्रावर सही संस्थेला बांधू शकणाऱ्या अधिकाऱ्याचीच.

आता आमच्या रोजच्या डोकेदुखीकडे येतो, म्हणजे ऑनलाइन. हल्ली बहुतेक नोंदण्या 'पेकॉस' नावाच्या प्रणालीवर होतात. तिथे फॉर्म भरणारा आणि सही करणारा हे वेगळे असू शकतात आणि असतातच. बिलिंग कंपनीला सप्लायर आपल्या वतीने काम करायची परवानगी देऊ शकतो, मग आम्ही पुण्यातून सगळे रकाने भरतो, कागद चढवतो. शेवटी सहीसाठी एओ किंवा डीओला ईमेल जातो, तो आपली ओळख पटवून सही करतो. तेवढं झालं की काम संपतं. हा ईमेल मालकाच्या स्पॅममध्ये जाऊन झोपतो, हा आमचा अनुभव. मग आम्ही रात्री साडेनऊला, तिथे दुपारचे बारा, फोन करतो आणि मालक म्हणतो, "माझा पासवर्ड देतो, तुम्हीच टिचकी मारा ना." एवढं सरळ, एवढं सोयीचं. आणि हेच नाही करायचं. दुसऱ्याच्या लॉगिनने सही करणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही नाही, त्याहून वाईट. दुसऱ्याचा हात धरून सही. आमच्याकडे या एका गोष्टीवर नोकरी जाते, आणि जायलाच हवी.

पेकॉसच्या आधी लॉगिनसाठी एक वेगळी यंत्रणा आहे, आणि तिच्यातही 'ऑथराइज्ड ऑफिशियल' याच नावाचा हुद्दा आहे. हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा भेटायची इच्छा आहे. कारण लॉगिनमध्ये तो हुद्दा मिळाला म्हणजे नोंदणीतला एओ आपोआप झालात असं नाही. दोन वेगळे दरवाजे, एकच पाटी. नवी मुलं हमखास इथे फसतात, जुनीही फसतात, फक्त जुनी कबूल करत नाहीत.

कागदी फॉर्म पाठवायचा तर स्वतःच्या हाताने केलेली सही किंवा स्वीकारार्ह इलेक्ट्रॉनिक सही. रबरी शिक्क्याची सही नाही. आपल्याकडे शिक्क्याशिवाय सहीला किंमत नाही आणि तिथे सहीच्या जागी शिक्का मारला तर फॉर्मला किंमत नाही. 'सही-शिक्का' हा आपला जोडशब्द तिथे तोडावा लागतो.

अजून एक जागा जिथे पाय घसरतो: बँक खात्याचा फॉर्म, ५८८ क्रमांकाचा. मेडिकेअरचे पैसे कोणत्या खात्यात जायचे हे तो ठरवतो. अकाउंटंट म्हणतो, बँकेचं काम माझं, आणि चटकन सही करतो. पण ५८८ वरची सही नोंदणीतल्या एओ किंवा डीओचीच लागते, ती जुळवून पाहतात. तसंच 'संपर्क व्यक्ती' नावाचा रकाना. त्यात आमच्यापैकी कुणाचंही नाव टाकता येतं. कंत्राटदाराला शंका आली तर तो आम्हाला फोन करतो. संपर्क व्यक्तीला बोलता येतं, सही करता येत नाही. एवढं साधं वाक्य आहे, पण मी ते पाच वर्षांत किती वेळा बोललो असेन त्याची मोजदाद नाही.

सही चुकली तर काय बिघडतं? दुरुस्तीची मुदत चुकली तर अर्ज नाकारला जातो आणि सगळं पहिल्यापासून. नव्या सप्लायरसाठी हे फार महाग पडतं, कारण बिल लावायचा अधिकार ज्या दिवशी मिळतो त्याच्या आधी दिलेल्या वस्तूंचे पैसे मेडिकेअर देत नाही. व्हीलचेअर दिली, रुग्ण खूश, दुकानाच्या हातात काही नाही. जुन्या सप्लायरसाठी धोका निराळा. पत्ता, मालकी, असे बदल ३० दिवसांत कळवावे लागतात. चुकीच्या माणसाने वेळेत कळवलं तर ते कळवलं असं मोजतीलच याची खात्री धरू नका. आणि न कळवल्यास नोंदणी रद्द होऊ शकते, रद्द झाली की पुन्हा अर्ज करायला एक ते दहा वर्षांची बंदी. चार दुकानं पलीकडे गेलेल्या औषध दुकानाला हे सांगताना माझाच घसा कोरडा पडला होता.

एओ मेला, राजीनामा दिला, भांडून निघून गेला तर? यासाठी माझा सल्ला असतो की शक्य असेल तिथे दोन एओ ठेवा, नियम आड येत नाही. एकच एओ आणि तोच गेला तर नवा एओ नेमून, त्याच्या सहीने कळवावं लागतं. डीओ आपल्या जागी दुसरा डीओ नेमू शकत नाही, ती दोरी एओच्याच हातात. मिळालेला अधिकार पुढे वाटायचा नाही. हे मला आपल्या गावाकडच्या पाटलाच्या सावकारीपेक्षा बरं वाटतं, जिथे मुनिमाचा मुनीमही व्याज वसूल करायला यायचा.

तर सांगली. ३० पैकी २२ दिवस गेले होते. लग्न उरकलं होतं, मालक देवदर्शनाला निघाले होते. आम्ही फॉर्म ईमेल केला. त्यांनी सांगलीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात तो छापला, ए-फोर कागदावर, त्यामुळे अमेरिकन पानाच्या कडा जरा विचित्र दिसत होत्या. निळ्या शाईने सही केली, तारीख टाकली, आणि तीही आपल्या सवयीने आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी. अमेरिकेत महिना आधी. १४ तारीख होती म्हणून वाचलो, चौदावा महिना नसतो. तरी पुन्हा छापून पुन्हा सही करून घेतली. कुरिअर २८व्या दिवशी कंत्राटदाराकडे पोचला. पत्ता बदलला गेला.

मॅनेजरबाईंचं पुढे झालं ते असं. मालक परत गेले तेव्हा अकाउंटंटशी बसले आणि बाईंना पगारावर घेतलं, डब्ल्यू-टूवर, बारा वर्षांनी. मग डीओ म्हणून नेमायचा फॉर्म आम्ही तयार केला. एओची सही झाली, आता बाईंची. त्यांनी दंडाचं पान पूर्ण वाचलं. मी ओळखतो त्या लोकांत ते वाचणाऱ्या त्या पहिल्याच. मग मला फोन केला, आमच्या पहाटे दोनला. म्हणाल्या, "म्हणजे उद्या काही खोटं निघालं तर मलाही विचारणार?" मी म्हटलं, हो. त्या थोडं थांबल्या. म्हणाल्या, "मग आधी मालकांशी पगाराचं बोलते, मग सही करते."

सही नऊ दिवसांनी आली.